हायवेवरच्या हॉटेलात फास्ट चार्जिंग स्टेशन: आधी खांब बघा, मग यंत्र

गणपतीला दोन दिवस राहिले होते. रात्री अकराच्या सुमारास महाडच्या पुढे एका हॉटेलच्या आवारात मी उभा होतो. चार्जरला दोन इलेक्ट्रिक गाड्या लागलेल्या, मागे पाच रांगेत. पाचव्या गाडीत मागच्या सीटवर एक आजी मखराचं खोकं मांडीवर धरून बसल्या होत्या. त्यांच्या मुलानं विचारलं, “दादा, आमचा नंबर कधी लागेल?” मी हिशेब केला आणि सांगितलं, दीड वाजतील. तो पुढच्या स्टेशनवर जायला निघाला होता, कारण ॲपवर ते हिरवं दिसत होतं. प्रत्यक्षात ते तीन दिवस बंद होतं, हे मला माहीत होतं म्हणून त्याला थांबवता आलं.

मी विद्युत ठेकेदार आहे, कोकणपट्ट्यात काम करतो. गेल्या काही वर्षांत अशी स्टेशनं उभी करायची कामं केली आणि इतरांनी उभी केलेली दुरुस्तही केली. हा लेख हायवेला लागून हॉटेल, ढाबा, मंगल कार्यालय किंवा पंप असलेल्यांसाठी आहे. उदाहरण मुंबई-गोवा महामार्गाचं घेतलंय, पण पुणे-कोल्हापूर किंवा नाशिककडच्या माणसालाही यातलं बहुतेक सगळं लागू पडेल. माझं एकच आग्रहाचं सांगणं आहे: यंत्र सगळ्यात शेवटी विकत घ्या. बरीच मंडळी नेमकं उलटं करतात आणि तिथेच फसतात.

परवान्याची भीती आधी काढून टाकू. चार्जिंग स्टेशन चालवायला वीज विक्रीचा परवाना लागत नाही. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयानं एप्रिल २०१८ मध्येच हे स्पष्ट केलंय. गाडी चार्ज करून देणं ही सेवा धरली जाते, वीज विकणं नाही. म्हणून कोणीही स्टेशन उभारू शकतो, फक्त सुरक्षेचे आणि तांत्रिक नियम पाळायचे.

पहिली पायरी: गाडी कुठे थकते ते बघा

जागा आपली आहे म्हणून ती चार्जिंगला योग्यच असेल असं नाही. मुंबईहून पूर्ण चार्ज करून निघालेली मध्यम बॅटरीची गाडी ट्रॅफिक, एसी आणि चार माणसांच्या सामानासह महाड ते चिपळूणच्या दरम्यान चार्जर शोधायला लागते. पनवेलच्या जवळ तिला चार्जिंगची गरजच नसते. उलट दिशेनं, सिंधुदुर्ग किंवा गोव्याकडून येणाऱ्याचं गणित वेगळं. तुमच्याकडे थांबणाऱ्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या चालकांना सरळ विचारा: कुठून निघालात, बॅटरी किती टक्के उरलीय, पुढे कुठे चार्ज करणार? हिरव्या नंबरप्लेटच्या गाड्यांची महिनाभर वहीत नोंद ठेवा. ही वही पुढे बँकेतही कामाला येते.

दुसरी गोष्ट पूररेषेची. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी कुठपर्यंत चढलं होतं, महाडला सावित्रीचं कुठपर्यंत, हे तिथल्या प्रत्येक माणसाला ठाऊक आहे. तुमच्या आवारातल्या भिंतीवर ती खूण असेल तर यंत्राचा चौथरा आणि पॅनल तिच्या वर गेलं पाहिजे. तेवढी उंची शक्य नसेल तर आवारात दुसरी जागा शोधा. चार्जर पावसात चालतो. पाण्यात बुडाला की तो कायमचा गेला समजा.

बाकी गोष्टी तुम्हाला माहीतच आहेत. बायाबापड्यांना रात्री दोनला वापरता येईल असं स्वच्छ स्वच्छतागृह, उजेड आणि चहा. लोक तुमच्याकडे पाऊण तास थांबणार आहेत. पेट्रोल पंपाच्या आवारात स्टेशन करायचं असेल तर स्फोटक सुरक्षा विभागाची अंतरं पाळावी लागतात, आणि हॉटेलातही सिलेंडरची खोली चार्जरपासून लांबच हवी. हायवेवरून आत यायचा रस्ता मंजूर असल्याचा कागद शोधून ठेवा.

दुसरी पायरी: खांबाखाली उभे राहा

खरं काम इथे आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

६० किलोवॅटचा चार्जर घेतला तर यंत्रातला तोटा धरून तो ग्रिडमधून साधारण ६३ किलोवॅट ओढतो. म्हणजे ४१५ व्होल्टला प्रत्येक फेजवर जवळपास ९० अँपिअर, आणि तेही सलग तासनतास. हॉटेलचा मिक्सर, फ्रीज, एसी यांचा लोड चढउतार करतो. चार्जरचा लोड पठारासारखा सपाट असतो. तुमच्या दारातला ट्रान्सफॉर्मर १०० केव्हीएचा असेल आणि त्यावर आधीच अर्धं गाव चालत असेल, तर तो हे ओझं घेणार नाही.

म्हणून आधी खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरची पाटी वाचा. त्यावर ६३, १००, २०० किंवा ३१५ असा आकडा असतो. मग लाइनमनला विचारा की हा फीडर (उपकेंद्रातून येणारी लाइन) गावठाणाचा आहे, शेतीचा आहे की औद्योगिक. शेतीपंपाच्या फीडरला थ्री फेज ठराविक तासच मिळते, तिथे चार्जरचा विषयच संपला. त्यानंतर आठवडाभर संध्याकाळी सात ते दहा या वेळेत व्होल्टेज मोजा. एका ठिकाणी मला दुपारी ४१२ आणि रात्री साडेआठला ३७० व्होल्ट मिळाले होते. चार्जर तेवढीच पॉवर घेणार, म्हणजे कमी व्होल्टेजला करंट वाढणार. ९० चे ९८ अँपिअर होतात, लाइनवर आणखी भार पडतो, व्होल्टेज आणखी खाली येतं आणि शेवटी यंत्र स्वतःला बंद करून घेतं. मालक म्हणतो यंत्र खराब. यंत्र बिचारं बरोबरच वागत असतं.

ही माहिती हातात घेऊन महावितरणच्या उपविभागात सहायक किंवा उपअभियंत्यांना भेटा. अर्ज ऑनलाइन होतो, पण जागेची पाहणी होईल तेव्हा तुम्ही स्वतः हजर राहा. हे मुद्दे पक्के करा:

चार्जिंगसाठी वेगळी जोडणी आणि वेगळा मीटर मागा. चार्जिंग स्टेशनचा स्वतंत्र दरवर्ग आहे. हॉटेलच्या व्यापारी मीटरवर चार्जर चालवला तर दर महिन्याला नाहक जास्त पैसे जातात.

लोड मागताना चार्जर, दिवे, सीसीटीव्ही आणि थोडी मोकळीक धरा. एका ६० किलोवॅटच्या यंत्राला ७० किलोवॅट ठीक.

लघुदाबाच्या मर्यादेत बसता की उच्चदाब जोडणी घ्यावी लागेल, हे लेखी विचारा. उच्चदाब म्हटलं की स्वतःचा ट्रान्सफॉर्मर, मीटरिंगचं सामान आणि विद्युत निरीक्षकांची मंजुरी हे सगळं आलं.

नवा ट्रान्सफॉर्मर किंवा लाइन लागणार असेल तर काम महावितरण करणार की तुम्ही, हे ठरवा. १.३ टक्के पर्यवेक्षण आकार भरून परवानाधारक ठेकेदाराकडून स्वतः काम करून घेता येतं. मी बहुतेकांना हाच मार्ग सांगतो, कारण वेळ आपल्या हातात राहतो.

कोटेशन हातात पडेपर्यंत चार्जरची ऑर्डर देऊ नका. एका हॉटेलवाल्यानं एप्रिलमध्ये यंत्र आणलं, जोडणी मिळाली सप्टेंबरात. पाच महिने यंत्र ताडपत्रीखाली पडून होतं. उघडलं तेव्हा केबल शिरायच्या भोकातून आत मुंग्यांचं घर झालेलं आणि कंट्रोलच्या दोन वायरी उंदरांनी कुरतडलेल्या. वॉरंटी बिलाच्या तारखेपासून मोजलेली, म्हणजे तिचेही पाच महिने वाया गेले. गणपतीचा हंगाम हुकला तो वेगळाच.

तिसरी पायरी: किती मोठं यंत्र

इथे मोह आवरा. “एकशे वीसचं घ्या, एकशे ऐंशीचं घ्या,” असं विक्रेता सांगेलच. महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई यांच्या ७९ किलोवॅट-तासाच्या (म्हणजे ७९ युनिटच्या) बॅटऱ्या १७५ किलोवॅटपर्यंत चार्जिंग घेतात, हे खरं. चाकणहून निघणाऱ्या या गाड्या रस्त्यावर वाढतायत, हेही खरं. पण आजही तुमच्या दारात येणाऱ्या पुष्कळ गाड्या ३० ते ६० किलोवॅटच्या पलीकडे घेतच नाहीत. गाडीच घेत नसेल तर मोठ्या यंत्राचा उपयोग नाही, आणि लोड मात्र पूर्ण मंजूर करून घ्यावा लागतो.

हायवेवरच्या पहिल्या स्टेशनसाठी माझी निवड ठरलेली आहे: ६० किलोवॅट, दोन गन (गाडीच्या सॉकेटला लावायची केबलची टोकं), दोन्ही सीसीएस-२ प्रकारच्या. एकच गाडी असेल तर तिला झेपेल तेवढी पॉवर, दोन असतील तर वाटणी. जुन्या पद्धतीच्या, फक्त भारत डीसी-००१ किंवा शाडेमो गनसाठी आता हायवेवर पैसे घालू नका, भारतातल्या नव्या गाड्या सीसीएस-२ वर स्थिरावल्यात. शेजारी एखादा छोटा टाइप-२ एसी पॉइंट ठेवा. रात्री मुक्कामाला येणाऱ्या पाहुण्याची गाडी त्यावर सावकाश भरते आणि डीसी गन वाटसरूंना मोकळी राहते.

यंत्र घेताना कागद मागा. एआयएस-१३८ किंवा आयएस १७०१७ नुसार चाचणी झाल्याचं प्रमाणपत्र हवं. पुण्याची एआरएआय ही वाहन संशोधन संस्था अशा चाचण्या करते. पाऊस आणि धुळीसाठी कवच किमान आयपी-५४ हवं. केबलची लांबी विचारा, कारण काही गाड्यांचं सॉकेट नाकावर असतं, काहींचं मागच्या बाजूला. केबल आखूड असेल तर गाड्या आडव्यातिडव्या लागतात आणि दुसरी गन अडून राहते. सॉफ्टवेअर ओसीपीपी या, कुठल्याही कंपनीला वापरता येणाऱ्या खुल्या मानकावर चालणारं हवं. नाहीतर उद्या सेवा देणारी कंपनी बदलायची म्हटली तर यंत्रच बदलायची वेळ येईल.

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा: पॉवर मॉड्यूल (यंत्रातला एसीची डीसी करणारा भाग) बिघडलं तर ते कुठून येणार आणि किती दिवसांत? उत्तर तोंडी घेऊ नका, करारात लिहून घ्या. एक मॉड्यूल गेलं तरी यंत्र अर्ध्या ताकदीनं चालू राहील, अशी रचना असेल तर उत्तम.

चौथी पायरी: जमिनीखालचं काम

कोकणात जांभा आहे. अर्थिंगसाठी याहून वाईट दगड नाही. उन्हाळ्यात तो कोरडा ठणठणीत होतो आणि विजेला जमिनीत उतरू देत नाही. चार्जर आणि गाडी मात्र अर्थिंगच्या बाबतीत फार काटेकोर असतात. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या वर फरक दिसला की अनेकदा सत्र सुरूच होत नाही, किंवा सुरू होऊन मध्येच तुटतं.

माझ्या वहीतली एक नोंद सांगतो. एका स्टेशनचं अर्थिंग ऑगस्टमध्ये केलं होतं, कोणी दुसऱ्यानं. मोजलं तेव्हा ३ ओहम, सगळे खूश. पुढच्या मे महिन्यात गाड्या चार्ज होईनात. मी अर्थ टेस्टर लावला तर १४ ओहम. खड्डे उथळ होते, दगडाला टेकले होते, पावसाचं पाणी होतं तोवर भागलं. मग आम्ही बोअरिंग मशीन आणून खोल भोकं घेतली, तांब्याचा मुलामा दिलेले रॉड उतरवले, भोवती बेंटोनाइट भरलं, रॉडमध्ये त्यांच्या लांबीच्या दुप्पट अंतर ठेवलं आणि सगळे पट्टीनं एकत्र जोडले. आकडा २ च्या खाली आला. तेव्हापासून माझा नियम आहे: कोकणातलं अर्थिंग मे महिन्यात मोजायचं. पावसाळ्यातला आकडा फसवतो.

यंत्राच्या बॉडीला दोन स्वतंत्र अर्थ, आणि आकाशातल्या विजेपासून वाचवणाऱ्या वीजरोधकाचा वेगळा. इथे वळवाच्या पावसात विजा पडतात, म्हणून पॅनलमध्ये सर्ज प्रोटेक्शन हवंच. त्यातली काडतुसं हिरवी आहेत की लाल झालीत, हे दर महिन्याला बघायचं. गळती करंट ओळखून वीज तोडणारं उपकरण, योग्य क्षमतेचा एमसीसीबी (करंट जास्त झाला की वीज तोडणारा स्विच) आणि सहज हाताशी येणारं लाल आपत्कालीन बटण, यात काटकसर नको.

केबल आर्मर्ड आणि जमिनीखालून, पाइपात. तिचा आकार ठेकेदाराकडून अंतर आणि व्होल्टेज ड्रॉपच्या हिशेबानं लेखी घ्या. आज एक यंत्र लावत असाल तरी दुसऱ्यासाठी रिकामा पाइप आत्ताच टाका आणि चौथराही आत्ताच बांधा. नंतर पेव्हर ब्लॉक उखडायला लागले की धंदा आठवडाभर बंद. केबल आत शिरते तिथली प्रत्येक फट ग्लँड आणि फोमनं बंद करा. उंदीर, पाली आणि मुंग्या या तिघांनी मिळून जितकी यंत्रं बंद पाडलेली मी पाहिलीत, तितकी विजेनं नाही.

वर पत्र्याची शेड घाला, कोकणातल्या पावसात भिजत कोणी गन लावत नाही. गाडी आदळू नये म्हणून यंत्रासमोर लोखंडी खांब रोवा आणि चाक अडवायला ठोकळा ठेवा.

पाचवी पायरी: तपासणी आणि खरी गाडी

काम झालं की ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट द्यायचा आणि जिथे लागू असेल तिथे विद्युत निरीक्षकांची तपासणी करून घ्यायची. त्यानंतर मीटर बसतो. लोक इथेच उद्घाटनाची तारीख ठरवतात. ती चार दिवस पुढे ढकला.

कंपनीचा माणूस एक गाडी लावून दहा मिनिटांत “झालं” म्हणतो. ते मान्य करू नका. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्या आणा, बॅटरी वीस टक्क्यांच्या आसपास उतरवून. दोन्ही एकदम लावा, तासभर पूर्ण लोडवर ठेवा. मग पॅनल उघडून थर्मल कॅमेऱ्यानं केबलच्या टोकांचे लग (टोकाला बसवलेले धातूचे जोड) बघा. एक लग बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम दिसला तर तो सैल आहे. आज घट्ट केला नाही तर गणपतीच्या गर्दीत जळेल. मध्येच मेन स्विच बंद करून चालू करा आणि यंत्र आपोआप उभं राहतं का बघा. सिमकार्ड काढून ठेवा आणि नेटवर्क नसताना चार्जिंग सुरू करता येतं का तेही तपासा. घाटातल्या जागी दोन वेगळ्या कंपन्यांची सिम लागतातच.

सहावी पायरी: पैशाचा हिशेब

खाली दिलेले आकडे गृहीत धरलेले आहेत, तुम्ही तुमचे घाला. समजा, सगळे आकार धरून वीज घेण्याच्या आणि विकण्याच्या दरात युनिटमागे ८ रुपये उरतात. दिवसाला सरासरी १२० युनिट गेली, म्हणजे पाच-सहा गाड्या. दिवसाचे ९६० रुपये, महिन्याचे २८,८००. त्यातून सॉफ्टवेअरचं भाडं, इंटरनेट, देखभाल करार आणि माणसाचा पगार जातो. जोडणी, यंत्र आणि बांधकाम मिळून १८ लाख घातले असतील तर खर्च न धरताही ते सुटायला पाच वर्षांहून थोडा जास्त काळ लागतो. हा व्यवहार फक्त चार्जिंगवर तोलू नका. पाऊण तास थांबलेलं कुटुंब जेवतं, ते उत्पन्नही वहीत वेगळं लिहा.

विकण्याचा दर ठरवताना विसरू नका की चार्जिंग सेवेवर १८ टक्के जीएसटी आहे. बिलात मागणी आकार, वहन आकार, इंधन समायोजन आणि विद्युत शुल्क यांच्या ओळी वेगवेगळ्या वाचा. केंद्राच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये सकाळी ९ ते दुपारी ४ या सौर तासांत चार्जिंगची वीज सरासरी पुरवठा खर्चाच्या ०.७ पट आणि बाकी वेळेत १.३ पट दरानं देण्याची तरतूद आहे. प्रत्यक्ष दर राज्य वीज नियामक आयोग ठरवतो, म्हणून चालू दरपत्रक हातात घेऊनच बसा आणि दिवसा चार्ज करणाऱ्याला थोडी सवलत द्या. छतावरच्या सौर पॅनलनं एक किलोवॅटमागे दिवसाला साधारण चार युनिट मिळतात. बिल कमी करायला ते चांगलं, पण ६० किलोवॅटचा चार्जर त्यावर चालेल या आशेवर राहू नका.

अनुदानासाठी केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत चार्जिंग स्टेशनांकरता २,००० कोटी रुपयांची तरतूद आहे आणि राज्याचं २०२५ चं इलेक्ट्रिक वाहन धोरणही आहे. पात्रता नीट तपासा. पण अनुदान आलं तरच जमेल, असा हिशेब असेल तर अजून थांबा.

सातवी पायरी: गर्दीचा दिवस

४५ किलोवॅट-तासाची गाडी वीसवरून ऐंशी टक्क्यांवर न्यायला २७ युनिट लागतात. दोन गाड्या वाटून ३०-३० किलोवॅट घेत असतील तर साधारण तास. म्हणजे तुमचं यंत्र तासाला दोन गाड्या सोडतं. ऐंशीच्या पुढे बॅटरीच वेग कमी करते, त्यामुळे शेवटच्या वीस टक्क्यांसाठी एखादी गाडी आणखी अर्धापाऊण तास गन अडवते. म्हणून गर्दीत ऐंशीला गन काढायचा नियम करा. तो मोठ्या मराठी अक्षरांत फलकावर लिहा आणि गन लावण्याआधीच तोंडानं सांगा. नंतर सांगितलं की भांडण होतं. चार्जिंग संपून पंधरा मिनिटांनंतरही गाडी उभी असेल तर थांबण्याचा आकार ठेवा. फलकावर चोवीस तास उचलला जाणारा फोन नंबर हवा, आणि तो उचलणारा माणूस आवारातलाच हवा.

त्या माणसाला चार गोष्टी शिकवा: आपत्कालीन बटण दाबलं गेलं असेल तर ते कसं सोडवायचं, यंत्र रीस्टार्ट कसं करायचं, गन जमिनीवर पडू न देता होल्डरमध्ये कशी ठेवायची, आणि यंत्र बंद असेल तर ॲपवर ते लगेच ‘बंद’ कसं दाखवायचं. शेवटची गोष्ट कळकळीनं सांगतोय. हिरवा ठिपका बघून लोक मुलाबाळांना घेऊन घाट उतरून येतात.

पंख्यांच्या जाळ्या दर पंधरा दिवसांनी साफ करा. रस्त्याचं काम चालू असेल तर आठवड्याला. लाल धूळ बसली की यंत्र तापतं आणि गुपचूप पॉवर निम्मी करतं. गाडीवाल्याला वाटतं वीज कमी आहे.

रोजच्या वहीत तीन रकाने ठेवा: किती गाड्या चार्ज झाल्या, किती रांग बघून परत गेल्या, यंत्र किती मिनिटं बंद होतं. मधला रकाना गणपती, दिवाळी आणि मे महिना सोडून साध्या शनिवार-रविवारीही भरायला लागला की दुसऱ्या यंत्रासाठी लोड वाढवायचा अर्ज करा. दिवाळी झाल्या झाल्या केलात तर ट्रान्सफॉर्मरचं काम कोरड्या दिवसांत होतं, मे महिन्यात अर्थिंग मोजता येतं आणि चाकरमानी निघायच्या आत दुसरं यंत्र त्या रिकाम्या चौथऱ्यावर उभं असतं.